मुक्या शुक्रवारची घंटा

चर्चची घंटा वाजवणारी, म्हणून अख्खं बेट तिला घंटामावशी म्हणायचं. नवऱ्यामागे दोर तिच्या हाती आला. किती फादर आले नि गेले, मावशी काही जागची हलली नाही. धुकं पडलं की ती घंटा वाजवत राही आणि त्या आवाजाच्या रोखाने होड्या घरी येत.

गुड फ्रायडेला मात्र घंटा मुकी. प्रभू क्रुसावर गेला त्या दिवशी धातूचा नाद करायचा नाही, प्रार्थनेला बोलवायचं तर लाकडी फळीवर हातोडी ठोकायची. होड्याही किनाऱ्यावरच. पण यंदा लेकीला नेमक्या त्याच दिवशी कळा सुरू झाल्या, त्याही दिवस भरण्याआधी. जावई होडी घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर सुईणीला आणायला गेला.

दुपारी प्रार्थना चालू असताना खिडक्या पांढऱ्याफटक झाल्या. धुकं. मावशी गुडघ्यांवर बसली होती खरी, पण जीव सगळा समुद्रावर. शेवटी न राहवून उठली, जिना चढली आणि बांधून ठेवलेला दोर सोडला. पाप माझ्या माथी, पण पोराला घरी आण, असं देवाला सांगत ती घंटा वाजवू लागली.

मागोमाग व्याही धापा टाकत वर आले. जन्म समुद्रावर काढलेला माणूस. ते ओरडतील, असं तिला वाटलं. त्यांनी नुसता दोर धरला.

"विहीणबाई, थांबा. आज आपली घंटा वाजत नाही, हे पोराला पक्कं ठाऊक आहे. त्याला ही खडकावरची वाटेल."

बेटापुढच्या खडकापाशी तरंगत्या पिंपावर धोक्याची घंटा होती. ती ऐकली की होडी उलटी फिरवायची, हे पोरासोरांनाही माहीत. मावशीने दोर सोडून दिला. जावयाला ती आपल्या हातांनी घरापासून दूर लोटत होती.

फळी घेऊन ती धक्क्याकडे पळाली आणि ठोकत सुटली. व्याही वल्हं दगडावर आपटू लागले. प्रार्थनेतले लोकही मिळेल ते लाकूड घेऊन धावले. मधेच सगळे थांबून कान द्यायचे. नुसतं पाणी. मावशीला रडूही येईना, इतकी ती भ्याली होती. किती वेळ गेला कोण जाणे, मग धुक्यातून होडीच्या फळीवर वल्हं ठोकल्याचा आवाज आला.

सुईण वेळेवर पोचली. नात झाली, एवढीशी, पण रडली खणखणीत.

मुलीला मांडीवर घेऊन जावई सांगत होता, "आई, खडकावरची घंटा वाजली म्हणून वाचलो बघा. ऐकताक्षणी होडी फिरवली, पार खोल समुद्राकडे. मग कितीतरी वेळाने लाकूड ऐकू आलं."

"ती मी होते रे," मावशी म्हणाली.

सासूबाई काहीबाही बोलताहेत, म्हणून तो हसला. मग त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला घट्ट जवळ ओढून घेतलं.