कपाटातलं एक वचन

राष्ट्राध्यक्ष प्रचाराच्या भाषणात काय वचन देतात आणि निवडून आल्यावर त्याचं काय होतं, याचा छडा लावण्यात राज्यशास्त्राच्या सरांची तीस वर्षं गेली. घरातल्या लोखंडी कपाटात अकरा हजार कार्डं होती. एका कार्डावर एकच वचन: कोणी दिलं, कुठे, श्रोते किती. शेवटचा चौकोन कोरा. मुदत संपली की त्यात सर स्वतः लाल शाईने लिहीत, 'पाळलं' किंवा 'मोडलं'. त्या चौकोनाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. बाकीचं कार्ड बायको लिहायची, कारण सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

'मी करीन' म्हणणारा एखादवेळ करतो, 'आपण करू' म्हणणारा बहुधा हात झटकतो, हा त्यांचा गाजलेला शोध. परिषदांतून वाहवा मिळवून गेला.

बायकोचं मागणं एवढंसं होतं. समुद्राकाठच्या गावी तिची थोरली बहीण राहायची.

"अहो, ताईची नजर चाललीय. तिला माझा चेहरा दिसतोय तोवर जाऊन येऊ या ना."

"एवढी निवडणूक होऊ दे, मग आपण जाऊ." हे बोलताना सर कानावरचा हेडफोनही काढत नसत. दुसऱ्यांच्या वचनांवर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा माणूस, घरात मात्र चक्क पुढारी!

निवडणुका काय, येतच राहिल्या. ताईची दृष्टी पार गेली. मग बायकोनेच अंथरूण धरलं, आणि निकालाच्या आठवडाभर आधी ती गेली.

महिन्याने सर नव्या पुस्तकासाठी 'आपण करू'वाल्या वचनांचा खण चाळत होते. तिच्या वळणदार अक्षरातलं एक कार्ड हाती आलं. वक्ता: हे. स्थळ: स्वयंपाकघर. श्रोते: एक. वचन: आपण ताईकडे जाऊ. खाली पाच निवडणुकांची वर्षं. शेवटचा चौकोन तिने कोरा ठेवला होता. सर खणाशीच खाली बसले आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी ते ताईंकडे गेले आणि त्यांना कार्ड वाचून दाखवलं.

ताई म्हणाल्या, "प्रत्येक फोनला सांगायची, ह्यांनी शब्द दिलाय, आम्ही येणार म्हणजे येणारच."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. कार्डावर निब करकरलेली ताईंना ऐकू आली.

"काय लिहिताय?" ताईंनी विचारलं.

"मोडलं," सर म्हणाले.