तिच्या वतीने दिलेलं उत्तर

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे—पण तिला सांगावं लागलं नाही, ती तिथेच होती.

आम्ही गोव्यातल्या सर्वणचे. मी पाळीच्या खाणीवर खनिज वाहणारा टिपर चालवतो. नमिता दोडामार्गची. तिला दिवस गेले, घरात सगळे खूश. ती मात्र—कसं सांगू?—हळूहळू गप्प होत गेली. आधी संध्याकाळी शेजारच्या शैलजावहिनीबरोबर शेताकडे फिरून यायची. आई म्हणाली, पोटुशीने असं हिंडू नये, दृष्ट लागते. फिरणं बंद झालं. मी आईला अडवलं नाही. मग जेवण कमी झालं. पहाटे कामाला उठलो की ती आधीच भिंतीला टेकून बसलेली असायची, डोळे सुजलेले. एकदा म्हणाली, जरा माझ्याजवळ बसा, मनात नको नको ते येतं. मी बसलो का? कॅरम खेळायला गेलो.

तपासणीला मीच न्यायचो. एका खेपेला वजन वाढलेलं नव्हतं. नर्सने नमिताला विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, मनातलं कुणाशी बोलतेस का. नमिताने तोंड उघडलं. मागच्या बाकावर आमच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीतलीच, एक बाई बसली होती. माझ्या बहिणीचं लग्न पेडण्याला जमत आलं होतं. यांची सून वेडी आहे, असं तिथे कळलं तर? एवढंच डोक्यात आलं. खरंच, एवढंच.

"छे, मजेत असते ती," मी म्हणालो.

नर्सने तिच्याकडे पाहिलं. नमिता खाली मान घालून हो म्हणाली.

घरी पोचल्यावर तिने मला विचारलं, "आता माका कोणी इचारल्यान तरी मी काय सांगू?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सातव्या महिन्यात एका दुपारी शैलजावहिनीला ती विहिरीच्या कठड्यावर दिसली—पाय आत सोडून. वहिनी ओरडली नाही. शेजारी जाऊन बसली, हात धरला, बोलत राहिली आणि तिला उठवून घरी घेऊन आली. नमिताच्या आईला तिनेच फोन केला. सासूबाई आल्या. मी त्यांना काय सांगितलं? आम्हाला कल्पनाच नव्हती, ती कधी काही बोललीच नाही. नमिता आतल्या खोलीत कपडे भरत होती. तिला ऐकू येत होतं.

माहेरी डॉक्टर झाले, औषध झालं. तिची आई रोज तिला घेऊन चालायची, तिचं ऐकायची. ती सावरली. मुलगी धडधाकट झाली. बारशाला सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, दर रविवारी न चुकता यायचा, जावई सांभाळून घेणारा मिळाला. मी हसलो. नमिताने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाळण्याची दोरी ओढली. आईला खरं न सांगता तिने मला का वाचवलं? विचारायची हिंमत मला झालेली नाही. बहिणीचं लग्नही थाटात झालं.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. पहिल्या तपासणीच्या सकाळी मी मोटारसायकल काढली. ती म्हणाली, "तुमी येव नकात. शैलजावयनी येतली माझ्यावांगडा." रागाने नाही. नेहमीच्याच आवाजात.

त्या दोघी बसने जातात. मी मुलीला घेऊन घरी थांबतो. नमिता परत येते, तेव्हा तिने तिथे काय सांगितलं ते मी विचारत नाही.