पंखाचा भार

पाचरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. विमानाचा पत्रा एकदा तापला की हात लावू देत नाही, म्हणून अवघड काम न्याहारीच्या आत उरकायचं. भर दुपारी जो घाम गाळत बसतो त्याने सकाळ लोळून काढलेली असते, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणालाही तोंडावर ऐकवायचा.

पाचर हे टोपणनाव. जिथे घण हरायचा तिथे हा पोलादी पाचर ठोकून वाट काढायचा. जुन्या धावपट्टीला लागून असलेल्या भंगाराच्या आवारात हवाई दलाने बाद केलेली लढाऊ विमानं यायची. इंजिन, तोफा, वैमानिकाचं आसन आधीच काढून घेतलेलं असायचं. उरायचा तो सांगाडा. शेपूट आधी, मग पंख, मग पोट, अशा क्रमाने पाचर आणि इतर कापणारे त्याचे तुकडे करायचे. ज्यांच्या आवाजाने एके काळी खिडक्यांच्या काचा हादरायच्या, त्यांची भट्टीतून पातेली व्हायची. पाचरला त्याचं वाईट वाटत नसे. "गंजत पडण्यापेक्षा पातेलं झालेलं बरं," तो म्हणायचा. "रोज कुणी घासतं तरी."

मग शेठने मोठं कातरयंत्र मागवलं. अख्खं विमान चावून टाकणारं. कापणाऱ्यांनी काय ते ओळखलं आणि दुसरीकडे कामं शोधायला लागले. दुसरीकडे कुणी कामाला घ्यावं असं पाचरचं वय राहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका तंत्रशाळेने आवारातलं एक विमान मागितलं. फाटकासमोर चौथऱ्यावर उभं करायला. रस्त्याने न्यायचं तर पंख सुटे करणं भाग होतं, आणि तेही करवत न लावता.

शेठने पाचरला बोलावलं. "पंख शाबूत काढून दे. शाळा, बागा, सगळ्यांना असली विमानं हवी आहेत. जमलं तर त्या कामाचा मिस्त्री तू. नाही जमलं तर यंत्र आल्यावर तुझा रामराम."

"जमेल," पाचर म्हणाला.

क्रेनवर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. तो वरूनच ओरडला, "भावजी, आजवर जे हातात घेतलंत त्याचे तुकडेच केलेत. लग्नातलं घड्याळसुद्धा!"

"ते बंदच होतं. तुमच्या घराण्याने दिलेलं."

पंख धडाला मनगटाएवढ्या पोलादी खिळ्यांनी जोडलेला होता. पाचरने नट काढले, खिळ्यांना तेल पाजलं आणि सवयीने पहिल्या खिळ्यावर घण घातला. दणदणीत घातला. खिळा तसूभरही सरकला नाही. उलट त्याचं टोक छत्रीसारखं पसरलं. आता तो भोकातून जाणारच नव्हता. आणखी एक घाव, आणि भोकाची कडाच फुटली असती.

त्याने घण खाली ठेवला. चूक कुठे झाली ते त्याला अजून कळत नव्हतं, पण झाली होती ती कापणाऱ्याची चूक. कापलेली वस्तू पडते, तिचं ओझं कुणावर आहे हे कापणारा कधी पाहत नाही.

"करवत लाव आणि मोकळा हो," शेठ म्हणाला. "यंत्र परवा येतंय."

"उद्याची सकाळ द्या."

संध्याकाळी सगळे गेले तरी पाचर पंखाशी उभा होता. मोकळ्या धावपट्टीवरून वारा सुटला. पंखाचं टोक किंचित उचललं गेलं आणि मुळाशी खिळा कुरकुरला. वारा पडला, कुरकुर थांबली. पुन्हा आला, पुन्हा कुरकुर. पाचरने खिळ्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या झोताची वाट पाहिली. झोत आला तसा खिळा बोटाखाली हलला. पुरा पंख त्या खिळ्यांना लटकलेला होता. भाराखाली दबलेल्याला मारून काय उपयोग? आधी भार उचलायचा.

पसरलेलं टोक त्याने कानशीने घासलं. घासायचं चाक नाही, नुसत्या हाताने. जे घाईने बिघडवलं ते दमाने दुरुस्त करायचं. अंधार पडला तेव्हा टोक भोकाएवढं झालं होतं आणि तळहात सोलले होते.

पहाटे त्याने पंखाखालून रुंद पट्टे घातले आणि ते क्रेनच्या हुकाला अडकवले. मेहुणा डोळे चोळतच आला होता.

"उचल. हळू. पत्रा आहे, तुझ्या बहिणीचा पोळपाट नाही."

"किती उचलू?"

"मी सांगेन." पाचरने अंगठा खिळ्यावर टेकवला. "उचल… अजून… थांब! जास्त झालं. केसभर खाली. अरे केसभर म्हटलं, शेंडीभर नाही!"

"माझं टक्कल आहे भावजी, मला काय कळणार?"

तेवढ्यात खिळा अंगठ्याखाली फिरला. लोण्यात काडी फिरावी तसा. पाचरने लाकडी हातोडीने त्याला हलकेच ठोकलं आणि खिळा दुसऱ्या बाजूने बाहेर आला. बाकीचे त्याच्या मागे आले. पंख पट्ट्यांवर झुलत राहिला, कुठे खरचटलासुद्धा नाही. मेहुण्याने तोंडात आलेली थट्टा गिळली आणि पंख अलगद गाद्यांवर उतरवला.

शेठ आला, पंखाभोवती फिरला, खिळे उचलून पाहिले. "दुसरा पंख?"

"न्याहारीच्या आत," पाचर म्हणाला, आणि काढून दिला.

यंत्र ठरल्या दिवशी आलं. ते विमानं चावत राहिलं आणि पाचर मिस्त्री दुसऱ्या कोपऱ्यात विमानं सोडवत राहिला. त्याने सोडवलेली काही बागांमध्ये उभी आहेत, काही शाळांच्या फाटकांवर. एकात म्हणे कबुतरांनी संसार थाटलाय. घण त्याने विकला नाही, पण पंखाजवळ पुन्हा नेलाही नाही.

मिस्त्रीच्या पगारातून त्याने घराला मागच्या बाजूला आणखी एक खोली काढली. पक्क्या विटांची, मोठ्या खिडकीची, आतून कडी असलेली. घरात सासूबाईही राहायच्या, म्हणून ही खास नवराबायकोसाठी काढली होती. गिलावा वाळला त्या दिवशी सासूबाई आत गेल्या, भिंतीवरून हात फिरवला, खाटेवर बसून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झाली हो. माझी गादी आणा."