मिसचा अदलाबदलीचा शनिवार

मिस गेल्या, आणि मला आधी राग आला तो प्रणवचा.

सकाळी त्याचाच फोटो दिसला. मिसच्या पायाशी उभा. पांढरा शर्ट, डोळे लाल. वर लिहिलंय, “माझी मिस.”

माझी?

मी इथं मस्कतला. एसीच्या डक्टमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर. डोळे पुसायला हात पण वर जात नाही.

बंगळुरूला बसवनगुडीतल्या आमच्या शाळेत वसुधा मिस नाटक शिकवायच्या. प्रणवचे पप्पा सायंटिस्ट. माझे पप्पा शाळेची व्हॅन चालवायचे.
नाटकात तो डॉक्टर, मी पेशंट. तो वाघ, मी झाड. दरवर्षी हेच.

घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. म्हणून मिस आमच्यावर मराठीत ओरडायच्या, मधे मधे कन्नड मिसळून.
“महेश, भाला आहे तो, झाडू नाही! स्वल्प ताठ!”
तेवढंच माझं. त्यातही अर्धा वाटा प्रणवचा.

मिसची एक पद्धत होती. शोच्या आदल्या शनिवारी सगळ्यांचे रोल बदलायचे.
“ज्याच्यावर जळताय, त्याच्या जागी उभे राहा.”

नववीत प्रणव राजा, मी द्वारपाल. त्या शनिवारी मी राजा झालो.
डायलॉग सगळे पाठ. दारात उभं राहून दुसरं काय करणार!

राजाला मुलगा मेल्याची बातमी येते. प्रणव तिथं मोठमोठ्यानं रडायचा.
मी नुसता बसलो. मुकुट काढून मांडीवर ठेवला.

प्रणव माझा भाला धरून दारातनं बघत होता.

मिस म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. आता जा आपल्या दारात.”
“मिस, त्याच्यापेक्षा भारी केलं ना मी?”
“केलंस.”
“मग?”
“मग दारात पण तसंच कर.”

शोला प्रणवनं मुकुट काढून मांडीवर ठेवला. टाळ्या त्याला.
मी भाला टाकला तो टाकलाच. दहावीत नाटक सोडलं. मग शाळाच सुटली.

आज जेवणाच्या सुट्टीत भांडायला फोन लावला.
“काय रे, तुझी मिस?”

तो रडत होता.
“मह्या, गेल्या महिन्यात भेटायला गेलो तर तेव्हा पण तुझंच नाव. ‘मुकुट महेशचा होता, तू नुसता घातलास.’ इतकी वर्षं हेच ऐकतोय मी. किती जळलोय तुझ्यावर, माहितीय?”

बरं वाटायला पाहिजे होतं ना?

पण गेल्या महिन्यात भेटला म्हणे. समोर बसून कॉफी प्यायला असेल. माझ्याबद्दल जे बोलायच्या, ते पण त्यालाच ऐकायला मिळालं.

मी अजून जळतोय.

मिस, एक शेवटचा शनिवार करा.
त्याला पाठवा इकडं डक्टमध्ये. मला तिकडं तुमच्या पायाशी.

होत नाही ना?
सरी.

भावपूर्ण वगैरे प्रणव लिहील, त्याला जमतं.
मी दारात उभा आहे, मिस. ताठ.
या तुम्ही.