मेथीची जुडी

दवाखान्यातल्या सिस्टरनं प्रेशर मोजलं, दंडाचा पट्टा सोडला आणि विचारलं, "काका, घरून भांडून आलात ना?" चष्मा सापडेना म्हणून सकाळी बायकोला नको ते बोललो होतो. चष्मा माझ्याच खिशात निघाला.

सिस्टरनं आकडा लिहिलाच नाही. आपल्या पिशवीतली मेथीची जुडी माझ्यापुढे ठेवली. "एवढी निवडा, मग परत बघू."

पानं खुडता खुडता श्वास संथ झाला. राग मनात असतो म्हणतात. माझा तर दंडात धडधडत होता. दुसऱ्या वेळी प्रेशर उतरलं.

येताना मीही एक जुडी घेतली आणि घरी मुकाट्यानं निवडायला बसलो. बायकोनं थोडा वेळ पाहिलं, मग अर्धी जुडी स्वतःकडे ओढली.

"कोवळे देठ टाकू नका हं," ती म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य.