अण्णांचा गुलाब

आज सकाळी गॅलरीतल्या गुलाबाला फूल आलं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला हाका मारून ते दाखवलं.

पक्षाघात झाल्यापासून अण्णा तिथेच बसून असत, उजवा हात मांडीवर निपचित. गुलाबाची मातीही विटेसारखी घट्ट झाली होती आणि शेंड्यांवर माव्याची कीड पडली होती. मी कुंडी टाकायला उचलली, तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे. मी बघतो."

माती परातीत काढून ते उजव्या हाताने ढेकळं फोडू लागले. बोटं ऐकत नव्हती. मी पुढे झाले, तर म्हणाले, "तू फक्त वाळू आणि शेणखत आण."

त्या भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावलं. मावा जाईपर्यंत अण्णांनी साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल घालून पानं पुसली.

झाडाला पाणी कमी नव्हतं, मुळांना हवा हवी होती. आजारी माणसालाही नुसती काळजी पुरत नसावी. त्याच्या हाताला काम लागतं.

आज फूल कापायला मी कात्री दिली. अण्णांनी ती उजव्या हातात घेतली. पहिल्यांदा कात्री घसरली, पण दुसऱ्यांदा देठ कापला गेला. फूल माझ्यापुढे धरून ते मोठ्याने हसले, "आता ती कोपऱ्यातली सुकलेली जास्वंद आण इकडे!"