सांडलेल्या तिळाच्या गावी

नाशिकरोडला सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा कौसल्येने एकदाच विचारले, "खरंच जायचं?" मी मान हलवली. मुलांना धाकट्या भावाकडे ठेवले होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षे आम्ही दोघे दर संक्रांतीला तिच्या माहेरी, तेल्हाऱ्याजवळच्या खेड्यात जायचो. शेतात हुरडा आणि सासूबाईंच्या हातचा तिळगूळ, एवढाच आमचा थंडीतला सण. मग आठ वर्षे मी गेलो नाही. ती उन्हाळ्यात एकटी जाऊन यायची. दोष माझा होता, आणि शाळामास्तर असूनही तो मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

भुसावळ मागे पडले तशी जमीन काळी होत गेली. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) झाडांवर शेवटचा कापूस लोंबत होता. अकोल्यास उतरलो तो दिवे लागले होते. कौसल्येच्या मामेबहिणीकडे मुक्काम केला. वरणात बुडवलेले रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) खाऊन झोपलो.

सकाळी मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीळ, गूळ, रेवड्यांचे ढीग. एका दुकानापाशी थांबून मी तिळाचे लाडू मागितले. कौसल्या माझ्याकडे बघतच राहिली.

"कोनासाठी नेऊन राहिले?" दुकानदाराने विचारले.

"सासूबाईंसाठी."

"मंग हे नोका नेऊ, भाऊ. पाक कडक झाला. म्हाताऱ्या मानसाले नाही फुटत."

पण मला हट्ट होता. घेतले. पुलावर कौसल्येने मला थांबवले. मग म्हणाली, "कावून घेतले? सण आपला नाही म्हणून तुमीच सांगितलं होतं ना?" माहेरची हवा लागली की तिची भाषा अशी बदलते.

मी पुढे चालू लागलो. तिला द्यायचे उत्तर येथे देतो. छप्पन साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सासूबाईंनीही घेतली, घरातले देव स्वतःच्या हातांनी नदीत सोडले. तीन महिन्यांनी संक्रांत आली. बांधावरचे तीळ वर्षभर जपून ठेवलेले, जावई येणार म्हणून त्यांनी लाडू वळले. देवापुढे नव्हे, माझ्यापुढे ताट धरले. अंगणात गावातली चार तरुण मंडळी उभी होती. मी मोठ्याने म्हणालो, "जुने सोडायचे कळत नाही का तुम्हाला?" आणि ताट हाताने उडवले. तीळ मातीत सांडले. त्या खाली बसून एकेक लाडू वेचू लागल्या, आणि मी तरुणांकडे बघत उभा राहिलो. धम्मासाठी केले, असे मनाला सांगत आलो. खरे एवढेच, की मला त्या चौघांची शाबासकी हवी होती.

तेल्हाऱ्याच्या मोटारीत शेजारच्या म्हाताऱ्याने चौकशी केली, "कोनाचे पाव्हने?" मी गावाचे नाव सांगितले. "सासरी? मंग तोंड असं कावून उतरलं? सासरी तं फुगून जा लागते!" मोटार हसली, कौसल्यासुद्धा. पुढे अकोटच्या अलीकडे चाक बसले. आम्ही बाभळीखाली भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता.

तेल्हाऱ्याला मेहुणा गोविंदा बंडी (बैलगाडी) घेऊन आला होता. "या, भाऊजी," एवढेच म्हणाला आणि थेट शेतात नेले. सासूबाई आगटीपाशी (हुरडा भाजण्याचा खड्डा) बसल्या होत्या. कौसल्येला त्यांनी जवळ ओढले. मला म्हणाल्या, "बसा, मास्तर." पूर्वी त्या मला जवाईबुवा म्हणत.

मी लाडवांचा डबा उघडून पुढे धरला. "आई, त्या साली माझं चुकलं. धम्म खरा होता. माणूस मी खोटा निघालो."

त्यांनी एक लाडू उचलला, दोन बोटांत फिरवला, दगडावर आपटून पाहिला. टक्क वाजला.

"माह्या तोंडात एक दात नाही राहिला," त्या म्हणाल्या. "त्या सालचे मऊ होते."

गोविंदा आगटीत बघू लागला. कौसल्येने पदर तोंडाला लावला. हसते की रडते, कळेना.

मी भाजलेली कणसे ओढली आणि तळहातांवर चोळू लागलो. हे काम नेहमी कौसल्या करायची. मी आयता खायचो. खडू धरणारे हात, दुसऱ्या कणसालाच पोळले. "मले द्या," कौसल्या म्हणाली. सासूबाईंनी तिला अडवले. "चोळू दे त्याले."

ओंजळभर दाणे झाले. मग मी दगडावर लाडू कुटला, हुरड्यात कालवला आणि द्रोण त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. बराच वेळ हिरड्यांनी चघळली.

"गूळ जुना हाय," त्या म्हणाल्या. मग उरलेला द्रोण माझ्याकडे सरकवला. "खा, जवाईबुवा. थंडा झाल्यावर मजा नाही."

दोन दिवस राहिलो. मी रोज कणसे चोळली, गोविंदाने रोज माझ्या फोडांची थट्टा केली. निघताना सासूबाईंनी कौसल्येच्या पदरात एक पुरचुंडी बांधली.

नाशिकला येऊन आठवडा झाला. तळहातांवरची कातडी सोलून निघाली आहे, खडू अजून नीट धरवत नाही. वाटत होते, एका प्रवासात आठ वर्षे भरून येतील. तसे होत नाही. त्या वर्षांत त्यांचे दात गेले ते गेलेच. पण काल कौसल्येने पुरचुंडी सोडली. आत बांधावरचे तीळ होते. ते निवडता निवडता ती म्हणाली, "पाक मऊ कसा ठेवायचा ते मले येते. पुढच्या साली आईसाठी मीच करून नेते. तुमी फक्त ताट नीट धरा."